पदवीसाठी पदवी

आमच्या घरात मुलीच्या शिक्षणाचे सगळे निर्णय मी घेतो आणि नंतर ते मुलगी दुरुस्त करते.

रामनगरात गोव्याच्या रस्त्याला माझं टायर-पंक्चरचं दुकान आहे. (शिक्षण दहावी, तीही दोन दमात!) आमची सुजाता पीयूसी, म्हणजे बारावी, चांगल्या मार्कांनी पास झाली. पुढं तिला बी.एस्सी. करायचं होतं, बॉटनीत. पण आधी ती पेरणीच्या मदतीला नंदिगड्ड्याला मावशीकडं निघाली. जाताना म्हणाली, "अप्पा, कुठं अर्ज करायचा ते मी आल्यावर बघू."

"तू कशाला? मी बघून ठेवतो!"

बायको म्हणाली, "अवो, तुमास्नी त्यातलं काय कळतंय?"

"टायर घेताना धा कंपन्या ताडून बघतो मी. युनिव्हर्सिटीचं काय येगळं हाय?"

झालं! एक जाड वही आणली. बेळगाव, धारवाड, गोवा असे तीन रकाने आखले. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर बॉटनी शोधायची आणि अटी उतरवून घ्यायच्या. होस्टेल, बस, मेस, सगळं जुळत होतं. प्रवेशाच्या अटीपाशी मात्र तिन्ही रकान्यांत एकच ओळ आली : 'बी.एस्सी. पास असणे आवश्यक.'

माझं डोकं फिरलं. म्हणजे शिकायला यायच्या आधीच शिकून या! मी तिथल्या तिथं एका ठिकाणी फोन लावला.

"मुलीची डिग्री झालीय का?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"तीच घ्यायला येणार हाय न्हवं!"

"आधी डिग्री घ्या, मग या."

"कुठनं घ्यायची?"

"कॉलेजातनं."

"मॅडम, कुठल्या कॉलेजातनं? तेच इचारतोय मी!"

"कुठलंही चालेल," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आठवडाभर मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक ट्रक ड्रायव्हरला हा अन्याय ऐकवला. एकाचा टायर तर ऐकवण्याच्या नादात पुन्हा तसाच पंक्चर बसवला. सगळे हळहळले. (त्यांतला एकही कॉलेजात गेलेला नव्हता, हे नंतर ध्यानात आलं.)

शेवटी सुजाताला फोन केला. मावशीच्या घरापाशी रेंज नाही, ती टेकाडावर चढून बोलत होती. मी अट वाचून दाखवली. ती ओरडली, "अप्पा, तुम्ही एम... एम्मेस..." आणि फोन कट!

"काय म्हणाली?" बायकोनं विचारलं.

"एम्मेस की म्हस, असं कायतरी. मावशीची म्हस व्याली वाटतं."

बायकोला गहिवरून आलं. तिनं दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बहिणीकडं पेंडीचं पोतं पाठवून दिलं. म्हैस व्याली नव्हती. म्हशीला तर दिवसही गेले नव्हते! पण पोतं बघून सुजातानं ओळखलं, अप्पांनी काहीतरी घोळ घातलाय. ती मिळेल त्या गाडीनं घरी आली आणि थेट वही उघडली.

तिनं एकेक पान उलटून बघितलं. मला वाटलं, अक्षर आवडलं.

"अप्पा, ही सगळी एम.एस्सी.ची पानं हायत."

"मग?"

"बी.एस्सी. झाल्यावर करतात ते!"

"आणि बी.एस्सी.ला काय लागतंय?"

"पीयूसी. ती झालीया माझी." तिनं मोबाईलवर दोन मिनिटं काहीतरी बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "बेळगावच्या कॉलेजात अर्ज द्यायचा उद्याच शेवटचा दिवस हाय."

तेव्हा मात्र मी वही मिटून ठेवली. पोरीचं एक वर्ष माझ्या हुशारीपायी जाणार होतं. रात्री जेवण गेलं नाही. पहाटेच्या बसनं आम्ही बापलेक बेळगावला गेलो. ती गुडघ्यावर फाईल ठेवून मार्ककार्डं लावत होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसलो होतो.

कॉलेजात मोठी रांग होती. खिडकी बंद व्हायच्या बेताला आमचा नंबर लागला. तिनं भराभर अर्ज भरला आणि पालकाच्या सहीसाठी माझ्याकडं सरकवला. मी घाईघाईत, मोकळी जागा दिसली तिथं, झोकात सही ठोकली.

खिडकीतल्या क्लार्कनं अर्ज बघितला, मग मला बघितलं. "काका, ही विद्यार्थ्याची जागा. शिकायला पोरगी येणार की तुम्ही?"

"त्यास्नीच घ्या सर," सुजाता शांतपणे म्हणाली. "माझ्यापेक्षा त्यास्नी जास्त गरज हाय."

अख्खी रांग हसली. क्लार्कनं हसत हसत नवा अर्ज दिला, सुजातानं तो भरला, आणि पुढं तिला प्रवेशही मिळाला.

मी मात्र त्या दिवशी निघताना बोर्डावर लावलेल्या बी.एस्सी.च्या पानावरची वयाची अट गुपचूप वाचून घेतली. या वेळी पान बरोबर होतं.