डावीकडचा बॉक्स

"आधी पंखा बंद करा." लातूरच्या मे महिन्यात घरी आलेल्या माणसाचं असं स्वागत करणारं कुणी तुमच्या पाहण्यात नसेल. माझ्या होतं, कारण आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच होती. पंख्याची घरघर गाण्यात मिसळते, असं शेजारच्या काकांचं म्हणणं. मग आपण घाम पुसत बसायचं आणि काका मखमली फडक्यानं रेकॉर्ड पुसत बसायचे. न्हाऊ घातलेल्या बाळाचं अंग पुसावं तसं, अजिबात घाई न करता.

काकांची जन्मभर डाळींची आडत. दुकान मुलाच्या हाती दिलं आणि ते या नादाला लागले. स्पीकरचे दोन बॉक्स आणि समोरच्या दोन खुर्च्या, एक त्यांची आणि एक काकूंची, असा त्रिकोण त्यांनी टेपनं मोजून आखला होता. झाडताना खुर्ची तसूभर सरकली तरी काकांना चैन पडत नसे. आणि रेकॉर्ड वाजवायच्या मशीनला नावं ठेवणाऱ्याला त्या घरात चहासुद्धा मिळत नसे. मी एकदा ठेवून पाहिली आहेत.

बॉक्सच्या पोकळ लोखंडी स्टँडमध्ये वाळू भरली की आवाज भरीव येतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं. हाडाचा आडत्या वाळू कशाला आणेल? काकांनी तूरडाळ भरली. "वाळूत ओल असती. ही कशी खणखणीत वाळलेली हाय," असं वर मलाच समजावलं. पावसाळा सरला आणि संथ आलापात बारीक कुरकुर ऐकू येऊ लागली. काकांनी सुई बदलली, वायरी बदलल्या, पुण्याहून काहीबाही मागवलं. शेवटी काकूंनी स्टँडच्या बुडातून ओळीनं बाहेर पडणारे किडे दाखवले. लोकांची डाळ नुसती मुठीत घेऊन नापास करणाऱ्या काकांच्या घरात डाळीला कीड लागली, म्हणून गल्ली बरेच दिवस हसत होती.

डाळ गेली, वाळू आली. तरी काकूंची एक तक्रार राहिलीच, डावा बॉक्स बारीक वाजतो म्हणून. काका पेचकस घेऊन त्या बॉक्सच्या मागे लागले. काही सापडेना. एका रविवारी त्यांनी मला हाताशी घेतलं आणि आम्ही डावा बॉक्स उजवीकडं, उजवा डावीकडं ठेवला. रेकॉर्ड लागली. आता कुठला बारीक वाजतो, असं काकांनी विचारलं. काकूंनी पुन्हा डावीकडंच बोट दाखवलं.

दोष बॉक्सचा असता तर तो बॉक्सबरोबर उजवीकडं गेला असता. तो काकूंच्या डाव्या कानात होता. काकांनी हातातला पेचकस खाली ठेवला. मग म्हणाले, "हाव, बरोबर हाय तुझं. हे मशीनच भंगार हाय."



पुढं स्वतःचे कान दाखवायचं निमित्त करून ते काकूंना नांदेडच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. उपाय नव्हता. परत आल्यावर काकांनी तो त्रिकोण मोडला आणि दोन्ही बॉक्स काकूंच्या उजव्या हाताला एकावर एक रचले. आवाजाची पार वाट लागली. कुणी विचारलं की काका स्वतःच सांगायचे, आमचं मशीन खराब आहे, डावीकडं वाजतच नाही. असं सांगून वर चहाही पाजायचे.

काका गेल्या हिवाळ्यात गेले. परवा काकूंकडं गेलो होतो. काकांचंच पालुपद पुढं चालवत म्हणालो, कुणाला तरी बोलावून बॉक्स दुरुस्त करून घेऊ या का?

"कान माझा गेलाय. मला कळत न्हाई का?" काकू म्हणाल्या. "डॉक्टर यांना बाजूला घेऊन बोलला तवाच समजलं. पण ज्या मशीनला कुणाला बोलू दिलं न्हाई, त्याला माझ्यापायी रोज नावं ठेवून राहिले होते. मग मी बी म्हणायची, हाव, मशीनच खराब हाय."

त्यांनी रेकॉर्ड लावली. ठेवताना सुई त्यांच्या हातून निसटली आणि खोलीभर खर्रकन आवाज झाला.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. "बघा," त्या म्हणाल्या, "मशीनच खराब."