खुर्चीत न बसण्याचा नियम

आमचं घर चळवळीतलं, त्यामुळे घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, त्यामुळे ‘अननस’ लिहिण्याआधी मला ‘अन्याय’ लिहिता येऊ लागला. वेदनेबद्दलही आमचं मत ठाम होतं: दुःख माणसाला माणसाशी जोडतं. गेल्या वर्षी माझी कंबर धरली आणि कळलं, ते माणसाला फक्त खुर्चीशी जोडतं. एरवी भिंतींवरच्या घोषणा वाचत फिरणारी मी, कुठे टेकता येईल एवढंच बघू लागले.

त्यातच तलासरीला एसटीच्या साहेबांकडे संघटनेचं शिष्टमंडळ घेऊन जायचं आलं. डोंगराकडच्या एका गावाची सकाळची गाडी बंद झाली होती. सोबत आलेल्या मावशींची मुलगी त्याच गाडीने अकरावीला यायची. गाडी सुरू झाली नाही, तर तिचं शिक्षण सुटणार होतं. बोलायचं मी, असं ठरलं होतं.

आमचा जुना नियम आहे: मागणी मान्य होईपर्यंत साहेबांसमोर बसायचं नाही, त्यांचा चहा घ्यायचा नाही. तो मी स्वतः पत्रकात ठळक अक्षरांत छापलेला.

साहेबांच्या पाठीमागे, कमरेपाशी, टॉवेलची गुंडाळी होती. भिंतीवरच्या थोर पुरुषांआधी मला तीच दिसली. साहेबांनी माझी नजर ओळखली.

“तुम्हालाही का?”

मी बसले. मग पट्टा कोणता चांगला, गादी किती कडक हवी, उंबरगावच्या वैद्याच्या तेलाने खरंच फरक पडतो का, असं सगळं निघालं. चहा आला. मी घेतला. मागे उभा असलेला आमचा कार्यकर्ता दोनदा खोकला. याने खोकल्याचं औषध घ्यायला हवं, असं मला वाटलं.

शेवटी मावशी म्हणाल्या, “बाय, तुझ्या कमरेचं झालं असलं तर माझ्या पोरीच्या गाडीचं बोल.”

मी घाईघाईने बोलले. साहेब म्हणाले, बघतो. तेव्हा मावशींनी दुसरी खुर्ची ओढली आणि नियमाकडे न बघता बसल्या.

“बघा. तवर मी बसते. माझे गुडघे दुखतात, त्यांचं सांगते तुम्हाला. पहिला डावा.”

डाव्या गुडघ्याची हकीकत भाताच्या लावणीपासून सुरू झाली. साहेब आधी मान डोलावत होते, मग घड्याळ बघू लागले. स्वतःचं दुखणं सांगणाऱ्याला दुसऱ्याचं ऐकायला फार जड जातं. मावशी उजव्या गुडघ्याकडे वळल्या आणि साहेबांनी फोन उचलला.

सोमवारी गाडी सुरू झाली. ‘एकजुटीचा विजय’ हे पत्रक मीच लिहिलं. त्यात गुडघ्यांचा उल्लेख नाही. पहिल्या फेरीला आम्ही सगळे गेलो होतो. मावशींची मुलगी गाडीत चढली तेव्हा सर्वांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी त्या वेळी, कमरेला धक्के कमी बसावेत म्हणून, मागच्या सीटवरून पुढे कुठे जागा मिळते का, ते बघत होते.