संथ म्हणून गाळलेला चौथा भाग

मंदाताई दिघ्यांनी यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू ताणत ताणत थेट रथसप्तमीवर नेलं. बायका म्हणाल्या, गुडघे दुखत असतील. कसले गुडघे! बाई टीव्हीवरच्या एका मालिकेचे सगळे भाग येऊन जायची वाट बघत होत्या.

मालिका खऱ्या गुन्ह्याची होती. लांबच्या एका शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेत एक तज्ज्ञ बाई पुड्या न उघडताच अहवाल लिहायची, आणि त्या अहवालांवर माणसं तुरुंगात जायची. मंदाताईंचा सलील त्यांतलाच एक. पोरगा नोकरीला परगावी निघाला, तिकडे उपासाची आबाळ नको म्हणून आईनं मांडवीच्या बाजारातून शिंगाड्याचं पीठ आणून साध्या पिशवीत बांधून दिलं. तिकडच्या स्टेशनवर पोलिसांनी बॅग तपासली आणि अहवालात त्या पिठाची झाली अमली पूड. तीन वर्षं आत काढली पोरानं. मग कोर्टानं निर्दोष म्हणून सोडलं.

कोर्टानं सोडलं हो, गल्लीनं कुठे सोडलं? त्यांच्या दांडिया बाजारातल्या ज्या बायका पूर्वी बोलावण्याआधी हजर व्हायच्या, त्यांतल्या एकीची नणंद आलेली असायची, दुसरीचं नेमकं डोकं दुखायचं. मंदाताईंचं मागणं एवढंच होतं, की माझा मुलगा निर्दोष आहे हे कुणीतरी माझ्या दारात येऊन, माझ्या तोंडावर म्हणावं. आपलं कुणी ऐकत नाही तर नाही, टीव्हीचं तरी ऐकतील!

मालिका सुरू झाली आणि बाईंची झोप उडाली. सकाळी चहा ठेवायच्या आधी फोनवर परीक्षणं वाचायची, दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. त्यांचे यजमान लक्ष्मणराव रिफायनरीतून निवृत्त झालेले, स्वभावानं थंड. ते म्हणाले, "अगं, दहावीचा निकाल असल्यासारखी काय येरझाऱ्या घालतेस?"

"निकालच आहे माझा," मंदाताई म्हणाल्या.

निकाल कसला, डोंबल! कुणी चार तारे दिले, कुणी साडेचार. छायाचित्रण सुरेख, पार्श्वसंगीत अंगावर येणारं. आणि ती प्रयोगशाळेतली बाई म्हणे विलक्षण गूढ! तिच्या हसण्यावर एकानं अख्खा परिच्छेद खर्ची घातला होता. सलीलचं नाव एकाही ठिकाणी नाही. मंदाताईंचा नुसता तिळपापड व्हायचा. त्यातून मराठी पेपरात राजवर्धन नावाच्या समीक्षकानं लिहिलं, 'चौथा भाग अंमळ संथ झाला आहे. घाईत असाल तर तिसऱ्यावरून थेट पाचव्यावर जा.'

"मेल्या, तुला कुठली गाडी गाठायची होती रे?" असं मोठ्यानं म्हणून त्यांनी पेपर भिरकावला. चौथ्या भागातच तर सलील सुटतो!

रथसप्तमीला मात्र नवल झालं. एकूण एक बायका आल्या. चपलांनी ओटा भरला. मंदाताईंना बटाटेवडे तळू की पाट मांडू असं झालं. दोघीतिघींना हळदीकुंकू लावून त्या सुनेत्राताईंपुढे आल्या. सुनेत्राताई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष आणि एकेकाळच्या जिवाभावाच्या मैत्रीण.

"मंदा, पाहिली हं मालिका," सुनेत्राताई म्हणाल्या. "तिसऱ्या भागात सलीलला बेड्या घालून नेतात ने, जीव गलबलला बघ. पण काय करणार? परगावी संगत लागते मुलांना."

मंदाताईंचं बोट कुंकवातच राहिलं. "आणि चौथा?"

"तो नाही पाहिला. पेपरात आलं होतं, संथ आहे म्हणून. सीधा पाचवा लावला."

"आम्ही पण," दोघीतिघी म्हणाल्या.

म्हणजे बेड्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या आणि सुटका एकीनंही नाही. मंदाताईंच्या डोक्यात सणकच गेली. त्यांनी करंडा मिटला, मांडीवर घेतला, वर पदर ओढला आणि टीव्ही लावला. कुंकू लावून घेतल्याशिवाय सवाष्ण उठत नाही, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं?

"अगं मंदा, मला अजून दोन घरं करायचीत!"

"करशील. आधी हे बघ. कुंकू मग."

चौथा भाग लागला. कोर्टात पुडी आणली. न्यायाधीशांनी विचारलं, हे सील फोडलंच नाही? मग तिथे, सगळ्यांसमोर, ते पहिल्यांदा फोडलं. आत शिंगाड्याचं पीठ. पुढे सलील कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसला होता. सुटून घरी आल्यावर पहिल्यांदा काय केलंस, असं कुणी विचारलं. तो बोलायला गेला आणि त्याला बोलताच येईना. कॅमेरा थांबून राहिला. हाच तो राजवर्धनाचा संथपणा!

"पुडी उघडलीच नव्हती?" सुनेत्राताईंनी विचारलं. "मंदा, आम्हाला बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुझ्याच घरी येऊन बोलले होते."

सुनेत्राताई डोळे पुसत उठल्या. "निर्दोष आहे गं तुझा मुलगा. चुकलो आम्ही. कुठाय तो? बोलाव त्याला. माझ्या हातानं तिळगूळ देते."

सकाळी मंदाताईंनीच त्याला डभोईच्या बसमध्ये बसवून दिला होता, मामाकडे. बायकांच्या गर्दीत कंटाळशील, असं म्हणाल्या होत्या. खरं म्हणजे तो घरात दिसला तर या बायका उंबऱ्यावरूनच मागे फिरतील, ही धाकधूक होती. पोरगा नुसतं "बरं" म्हणाला होता.

त्यांनी फोन लावला. सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. सलीलनं तो लगेच उचलला.

"आई, गेल्या का सगळ्या? येऊ आता घरी?"