वारा नको म्हणून

कुसुमबाईची पुढची खोली बिडी वळायला नामी होती. एकच खिडकी, तिच्यावर पोतं टांगलेलं. दार लोटलं की वारा शिरत नसे. वाऱ्यानं तेंदूचं पान कडक होतं, सुपातली तंबाखू उडते. म्हणून सडक अर्जुनीजवळच्या त्या वस्तीतल्या पाच-सहा बाया आपापलं सूप घेऊन सकाळीच तिच्याकडे यायच्या आणि दिवसभर गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. खोकला सगळ्यांनाच होता. तो तंबाखूचाच, असं धरून चालायचं. "खोकलत नाही ते बिडीवाली कायची वो?" शेजारची फुलवंता म्हणायची आणि खोकत हसायची.

२००५च्या दिवाळीनंतर कुसुमबाईच्या थुंकीत रक्त दिसलं. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. टीबी निघाला. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू केल्या आणि बजावलं, "पहिले दोन महिने बंद खोलीत कोणाजवळ बसू नका. जे रोज सोबत बसतात त्यांनाही तपासायला पाठवा."

कुसुमबाईनं लेकीला, अल्काला, तेवढं तपासून आणलं. तिला काही नव्हतं. पण बायांना सांगायचं कसं? फाल्गुनात अल्काचं लग्न होतं, देवरीकडचं घर. बाप नसलेल्या पोरीला हे स्थळ मिळायला दोन वर्षं गेली होती. टीबीच्या घरातली पोरगी म्हटल्यावर ते लोक दारातूनच परतले असते.

दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीवरचं पोतं काढलं. फुलवंतानं ते पुन्हा टांगलं. "काऊन वो, आमचं पान वाळवून राहिली का?"

"मले बरं नाही आज. तुमी घरी बसा."

"तू पड ना कोपऱ्यात. आमी का तुले वळायले लावून राहिलो?"

फुलवंताची दीड वर्षांची नात, रुची, दुडदुडत कुसुमबाईच्या मांडीवर आली. आई धान कापायला गेली की पोर तिथंच झोपायची. कुसुमबाईनं तिला ढकललं. पोरीला तो खेळ वाटला. ती हसत पुन्हा आली. पदर तोंडात कोंबून कुसुमबाई खोकली.

चौथ्या दिवशी तिनं सगळ्यांसमोर फुलवंताला विचारलं, "माह्या पानाचे पुडे कुठी जाऊन राहिले?"

फुलवंताला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं आपलं सूप उचललं. "मी चोरटी? वीस वर्सं तुह्या घरात बसली मी, कुसुमे!" ती रुचीला कडेवर घेऊन निघाली. तिच्यामागे एकेक सूप उठलं. खोली रिकामी झाली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आपण पाळलं, अशी कुसुमबाईनं मनाची समजूत घातली.

बाया आता फुलवंताच्या घरी बसू लागल्या. तिथंही दार लावूनच.

पौषात अल्का पाणी भरून आली ती घाबरलेलीच. "माय, रुचीले रोज संध्याकाळी ताप येऊन राहिला. मान टाकली पोरीनं. फुलवंतामाय म्हणते, तुही नजर लागली."

मीठ-मिरच्या उतरवून झाल्या होत्या. ताईत बांधून झाला होता. दवाखान्यात मात्र कोणी नेलं नव्हतं.

कुसुमबाई तशीच उठली. फुलवंता अंगणात पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचीही गालफडं बसली होती. कुसुमबाईला पाहताच ती ओरडली, "अजून मन नाही भरलं तुहं? आता का न्यायले आली?"

"नजर नोहो ते. टीबी आहे मले. दिवाळीपासून. तुह्यावर मी खोटा आळ घेतला. पोरीले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. तू बी थुंकी तपास."

दार उघडून बाया बाहेर आल्या होत्या. फुलवंतानं नुसतं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि सडकेकडे पळत सुटली.

रुचीला गोंदियाला भरती केलं. टीबी मेंदूपर्यंत चढला होता. वाचली तरी चालेल-बोलेल का, हे डॉक्टर सांगत नव्हते. फुलवंताच्या थुंकीतही टीबी निघाला. आठ दिवसांत देवरीहून निरोप आला की यंदा लग्न करायचं नाही.

अल्का रडली नाही. आईला गोळ्या आणि पाण्याचा गिलास देऊन ती समोर बसली.

"सांगाचंच होतं, तं चोरीचं बोलली त्या दिवशी काऊन नाही सांगितलं माय? तवा पोरगी खेळत होती."

कुसुमबाईनं गोळ्या तोंडात टाकल्या. पाण्याचा घोट घेतला आणि उठून खिडकीवरचं पोतं खाली ओढलं.