सतरा शर्यती, साठ फ्रेम

बाबांचा आवाज जाणार हे डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन मी सगळ्यात आधी आवाज टिपणाऱ्या यंत्रांची माहिती वाचायला बसले. अशा वेळी माणसं देवाला जातात. पोहरादेवी आमच्यापासून लांब नाही, आई दुसऱ्याच दिवशी जाऊन आली. मी मात्र इंटरनेटवर गेले, कारण मी संगणकाची शिक्षिका आहे आणि माझा असा समज आहे की योग्य यंत्र योग्य वेळी विकत घेतलं तर काहीही हातून जात नाही.

आमचे बाबा शेतकरी. सोयाबीन, तूर, कोरडवाहू जमीन. पण पंचक्रोशीत त्यांना कुणी सोयाबीनसाठी ओळखत नाही. ते शंकरपटाचे निवेदक. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती. आमच्याकडे एकेक जोडी आपल्या धुरकऱ्यासह, म्हणजे हाकणाऱ्यासह, वेगळी सुटते आणि घड्याळाशी पळते. मग ज्याला सगळ्यात कमी सेकंद लागले तो जिंकला. मध्ये काही वर्षं पट कायद्यानं बंद होते, तेव्हा बाबा घरात असे वावरायचे की आईनं एकदा चिडून त्यांना अंगणात कोंबड्यांसमोर बोलायला सांगितलं होतं. पट सुरू झाले आणि बाबा परत माणसात आले.

माइकवर नसताना ते बोलत नाहीत ही दुसरी गंमत. फोनवर त्यांचे दोनच शब्द ठरलेले, "हो" आणि "ठेव". पटातले लोकांनी मोबाइलवर काढलेले व्हिडिओ आहेत, पण त्यात बाबा भोंग्यातून येतात, फुटलेले, खरखरत, मागे हजार माणसांचा गलका. म्हणजे तीसेक वर्षं सगळ्या तालुक्याच्या कानात शिरलेला हा आवाज स्वच्छ असा कुठेच नव्हता.

डॉक्टर म्हणाले, गाठ वाढली आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस नंतर चांगला ठणठणीत राहील. बाबांनी एकच विचारलं.

"पुढच्या पटाले जमन का?"

"जाता येईल की. बोलता येणार नाही."

बाबांनी मान हलवली. सोयाबीनचा भाव पडला हे ऐकून हलवतात तेवढीच. ऑपरेशनला बारा दिवस होते.

मी आधी सरळ मार्ग करून पाहिला. त्यांच्यासमोर माइक धरला आणि म्हटलं, "बाबा, काहीतरी बोला." ते म्हणाले, "काय बोलू? जोडी कुठी हाय?" समोर शर्यत नसेल तर त्यांना बोलता येत नाही हे मला चौतिसाव्या वर्षी कळलं. बैल आणणं मला शक्य नव्हतं, उन्हाळ्यात पटही नव्हते. पण माझ्याकडे गेमचा कन्सोल होता आणि त्यात गाड्यांच्या शर्यती होत्या. मी गाडी पळवायची, बाबांनी निवेदन करायचं, आणि टीव्हीवरची शर्यत व त्यांचा आवाज दोन्ही रेकॉर्ड करायचं. त्यांना सांगितलं की मला चॅनल काढायचं आहे. त्यांनी विश्वास ठेवला असं दाखवलं, मी तो खरा आहे असं दाखवलं. आमच्या घरात जिव्हाळ्याची कामं अशीच चालतात.

आई म्हणाली, "मोबाइल ठेव ना त्याइच्यापुढे. त्याच्यात बी आवाज येते."

मी आईला मोबाइलच्या माइकचे दोष समजावून सांगितले. चांगले पाऊण तास समजावले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडून झाल्यावर उठून गेली.

कन्सोलमध्येच एक रेकॉर्डिंगचं बटण असतं हे मला माहीत होतं. पण त्यात आवाज घ्यायचा तर कानावर हेडफोन चढवावा लागतो, आणि बाबा टोपी काढायला तयार नव्हते. शिवाय मी वाचलेल्या सगळ्या तज्ज्ञांच्या मते ते बटण नवख्यांसाठी होतं. दोन दिवस वाचून मीही तज्ज्ञ झाले होते.

मी कॅप्चर कार्ड, म्हणजे गेमचं चित्र लॅपटॉपवर उतरवून घेणारं यंत्र, मागवलं. पहिलं कार्ड पेनड्राइव्हएवढं आलं. एका बाजूनं कन्सोलची वायर, दुसऱ्या बाजूनं लॅपटॉप, बस. लावलं तर पडदा काळा. अर्धा दिवस मी वायरी बदलल्या, दुकानदाराला मनातल्या मनात नको ते बोलले. नंतर कळलं की चित्र कुणी चोरू नये म्हणून कन्सोलमध्येच एक कुलूप असतं, ते सेटिंगमध्ये जाऊन काढावं लागतं. काढलं. चित्र आलं. मी शर्यत लावली, लॅपटॉपकडे बघत बटण दाबलं. मागे बसलेले बाबा म्हणाले,

"पोरी, तुही गाडी झेंडीनंतर झोपून राह्यली."

"नाही बाबा, मी लगेच दाबलं."

"दाबलं असन. पण ते पाव सेकंद उशिरा निघाली."

त्यांचं बरोबर होतं. त्या स्वस्त कार्डातून चित्र लॅपटॉपवर पोचायला वेळ लागतो. त्यासाठी आणखी एक भोक असलेलं कार्ड हवं, म्हणजे टीव्हीला चित्र थेट जातं आणि लॅपटॉपला त्याची नक्कल मिळते. जे समजायला मला एक दिवस आणि परतीचं पार्सल लागलं, ते बाबांना नुसत्या डोळ्यांनी दिसलं होतं. दुसरं कार्ड मागवलं. ते मंगरूळपीरपर्यंत वेळेत आलं आणि मग तिथल्या कुरिअरवाल्याकडे दोन दिवस पडून राहिलं, कारण त्याला आमचं गाव आसेगावकडे आहे की उलट्या दिशेला, हे नक्की ठरवता येत नव्हतं. शेवटी मीच जाऊन घेऊन आले. सोबत एक भारी माइकही घेतला होता. त्याला समोरून बोललेलंच ऐकू येतं आणि मागचं येत नाही, असं खोक्यावर लिहिलं होतं.

तोवर ऑपरेशनला चार दिवस उरले होते.

आता माझा लॅपटॉप. तो शाळेच्या निकालपत्रांनी आणि माझ्या आळसानं गच्च भरलेला. सेकंदाला साठ फ्रेमचं, सगळ्यात वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग करायचं तर जागा भराभर संपते. दर्जा थोडा कमी केला असता तर आख्खी दुपार मावली असती. पण दर्जा कमी करणं मला पटेना. बाबांचा आवाज आयुष्यात एकदाच घ्यायचा आणि तोही दुय्यम? मग मी तोडगा काढला. गाडी उभी असताना, मेन्यू चालू असताना उगाच जागा का खायची? फक्त शर्यत घ्यायची. माझे दोन्ही हात गेममध्ये, म्हणून आईला लॅपटॉपपुढे बसवलं.

"झेंडी पडली की हे बटण दाब. शर्यत संपली की परत हेच दाब."

"अन् हे बोलतात ते येते ना याच्यात?"

"आई, मग माइक कायले आणला?" मी खेकसले. चिडले की माझीही भाषा घरची होते.

तीन दुपारी आम्ही बसलो. माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडक्या बंद. वाशीमचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना हे प्रेम वाटेल, बाकीच्यांना वेडेपणा. टीव्हीवर कुठल्याशा परदेशी शहरातले रस्ते, चकचकीत गाड्या, आणि बाबा बनियनवर, डोक्यावर टोपी, घामानं निथळत. पण माइक हातात आला आणि बाबांचा कणा सरळ झाला. आधी बोटानं दोनदा ठोकून पाहिला.

"माय-बाप रसिकहो! आता येऊन राह्यली लाल जोडी, आसेगावची. तिच्या बाजूनं पिवळी, जऊळक्याची. अन् हे निळी आपल्या घरची, धुरकरी आपलीच लेक हाय, थोडी तापट हाय पण हात साजरा हाय. लेकरं धावपट्टीवरून हटवा. ओ पांढरी टोपी, मांगं सरका. आजचा चहा घरधनिणीकडून!"

आई लाजून लॅपटॉपकडे बघायची. आवाज बसका झाला होता, मधूनच तुटायचा, पण तो आवाज होता. खोली भरून जायची. मी हसायचे, हसता हसता गाडी भिंतीवर नेऊन आदळायचे, आणि शर्यत संपली की बाबा वेळ सांगायचे. "एक मिनिट, बेचाळीस सेकंद, दोन पॉइंट! अन् आपल्या घरची जोडी शेवटून पयली!"

आणि शर्यत चालू असताना? तेव्हा ते गप्प. पटाचा नियमच तसा आहे. झेंडी पडली की निवेदकानं माइक खाली घ्यायचा. जोडी पळत असताना भोंगा ओरडला की बैल बुजतात, धावपट्टी सोडून माणसांत शिरतात. म्हणून झेंडीपर्यंत बोलायचं, मग श्वास रोखून बघायचं, आणि जोडी पार झाली की वेळ सांगायची. मी एकदा म्हटलंही, "बाबा, मधे पण बोला ना."

"मंग बैल बुजन ना."

"बाबा, गाड्या आहेत त्या."

"तरी बी."

मी हसून सोडून दिलं. पुढेमागे ते इतकं बोलत होते की मधलं नाही आलं तरी काय बिघडणार होतं.

सतरा शर्यती झाल्या. बाबा झोपले होते, म्हणून आवाज बंद ठेवून मी एक फाइल उघडून पाहिली. चित्र असं की गाडीच्या टपावरचं ऊनही दिसावं. आवाजाची हिरवी पट्टी झकास नाचत होती. दोन पेनड्राइव्हवर दोन प्रती केल्या, एक कपाटात आणि एक आईच्या देव्हाऱ्यात. चौथ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. बाबा आता गळ्याला केलेल्या छिद्रातून श्वास घेतात, जेवतात, शेतात जातात. बोलायचं असलं की माझ्या शाळेतून आणलेल्या पाटीवर लिहितात. लिहितात मात्र भरपूर. आई म्हणते, पस्तीस वर्षांत माझ्याशी एवढं बोलले नव्हते.

घरी आल्यावर एका दुपारी मी हेडफोन घालून पहिली फाइल लावली. इंजिनाचा आवाज. टायर घासले. इंजिनाचा आवाज. शर्यत संपली, फाइल संपली. दुसरी लावली. इंजिनाचा आवाज. तिसरीपर्यंत मला वाटत होतं की माइकची वायर सैल असावी. चौथ्या फाइलमध्ये आईच्या बांगड्या स्पष्ट वाजल्या, आणि मला कळलं की वायर अजिबात सैल नव्हती. माइक उत्तम होता. कार्ड उत्तम होतं. आई झेंडी पडली की बटण दाबत होती, आणि झेंडी पडली की बाबा गप्प होत होते. दोघंही आपापल्या कामात तीळभर चुकले नव्हते. चुकीचं यंत्र घरात एकच होतं आणि ते मीच होते.

सतरा शर्यतींचं बाबांचं मौन मी साठ फ्रेममध्ये, दोन प्रतींत जपून ठेवलं होतं.

फक्त एक राहिलं होतं. शेवटचं बटण दाबताना आईचा हात जरा मागे पडायचा. त्यामुळे प्रत्येक फाइलच्या अगदी शेवटी, इंजिन थांबल्यावर, एक श्वास ऐकू येतो. वेळ सांगण्याआधी बाबा छाती भरून घ्यायचे तो. तोंडानं घेतलेला, मोठा. मग फाइल तुटते. सतरा वेळा ते बोलायला तोंड उघडतात. मी त्या दुपारी खूप रडले, आणि आईला सांगितलं कांदा चिरला. घरात कांदा नव्हता.

चार दिवस मी टाळलं. बाबांनी पाटी पुढे केली, "ते लाव." मी म्हणाले एडिटिंग चालू आहे. पाचव्या दिवशी त्यांनी तीच पाटी परत पुढे केली, खाली दोन रेघा ओढून. मी टीव्हीवर पहिली फाइल लावली. ते टोपी नीट करून पुढ्यात बसले. आई दारात उभी राहिली. शर्यत संपली, श्वास आला, पडदा काळा झाला.

"बाबा, तुमचा आवाज आलाच नाही," मी म्हणाले. "मी फक्त शर्यतच घ्यायला सांगितली होती. माझं चुकलं."

"बटन मी दाबलं," आई दारातून म्हणाली.

बाबांनी आमच्याकडे बघितलंही नाही. पाटीवर लिहिलं आणि मला दाखवलं. "जोडी पयत असताना बोलू नाई. बरोबर हाय." मग पुसून, "दुसरी लाव."

दुसरी लावली. घरची निळी गाडी दोनदा भिंतीला घासली आणि शेवटून पहिली आली. इंजिन थांबलं. टीव्हीतले बाबा श्वास घेऊन तिथेच तुटले. खोलीतल्या बाबांनी पाटी माझ्याकडे वळवली. त्यावर वेळ लिहिलेली होती. मी ती मनात वाचली, तर त्यांनी बोटानं पाटी दोनदा ठोकली, माइक ठोकायचे तशी.

मी वाचून दाखवलं. "एक मिनिट, एकेचाळीस सेकंद, सात पॉइंट." शेवटच्या शब्दाला माझा आवाज पार फुटला.

बाबांनी पाटी ओढून घेतली, पुसली, आणि नापसंतीच्या चेहऱ्यानं एकच शब्द लिहून परत माझ्यापुढे धरली.

"जोरानं."