गोलरक्षकाच्या कपाळावरील हळदीकुंकवाबाबत

अर्जदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे. पूर्वी विदर्भातील एका तहसील कचेरीसमोर अर्जनवीस, हल्ली मुक्काम नोव्हाय, मिशिगन.

सामनेवाला : अज्ञात. स्त्री की पुरुष, हेही ठाऊक नाही.

गहाळ वस्तू : आइस हॉकीच्या एका गोलरक्षकाचे छापील कार्ड, तळहातात मावेल एवढे. गोलरक्षकाच्या मुखवट्यावर, कपाळाच्या जागी, हळदीकुंकवाचे एक बोट.

घटनेचा काळ : गेल्या वर्षी, दिवाळी आणि नाताळ यांच्या मधले दिवस.

साक्षीदार : पहिला, माझा मुलगा. दुसरा, कार्डांच्या दुकानाचा म्हातारा मालक. तिसरी, माझी पत्नी. ती हयात नाही, तथापि साक्षीदारांतून मी तिला कमी केलेले नाही.

कोणाचेही नाव लिहिलेले नाही. नाव कागदावर चढले की माणूस सावध होतो आणि खरे बोलायचा थांबतो, हा माझा पूर्वीपासूनचा अनुभव आहे.

हकीकत येणेप्रमाणे. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या हातच्या अर्जातील भाषेवर कोणत्याही साहेबाने कधी शंका काढली नाही, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. पत्नी परिचारिका होती. तिला इकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी तिच्या पाठोपाठ आलो. मुलगा तेव्हा शाळेत होता. इकडे अर्जनवीसाला काम नसते असे लोक समजतात. ते खरे नाही. मोटारीच्या कंपन्यांतले आपले इंजिनिअर शनिवारी माझ्याकडे येतात. गावाकडे वडील वारलेले असतात, शेतावर वारस नोंद करायची असते, आणि मराठीत चार ओळी धड उतरत नाहीत. ते म्हणतात, काका, तुम्हीच ड्राफ्ट करा. मी करतो.

तरीही आठवड्याचे उरलेले दिवस मोकळेच जात. अशाच एका दिवसात, कोणाच्या तरी गराजसमोर मांडलेल्या जुन्या सामानात, मला बुटांच्या खोक्यात भरलेली हॉकीची कार्डे दिसली. हॉकी म्हणजे मला शाळेच्या मैदानावरची, बाभळीच्या वाकड्या काठीने खेळलेली. बर्फावरचा तो खेळ मी आजतागायत पूर्ण पाहिलेला नाही. परंतु एक कार्ड उलटले आणि मी जागीच उभा राहिलो. पुढे फोटो. मागे नाव, जन्मस्थळ, उंची, वजन, डावखुरा की उजवा, कोणत्या वर्षी कोठे होता आणि काय केले. इसमाचे असे संपूर्ण आणि निःसंदिग्ध वर्णन मी आयुष्यभर लोकांकडून काढून घेण्याचा प्रयत्न करीत आलो होतो. येथे ते छापून तयार होते. मी खोके उचलले.

पुढे छंद वाढला. तळघरात टेबल मांडले. खणाखणांची प्लास्टिकची पाने असलेले अल्बम आणले. रस्त्यापलीकडच्या दुकानाचा म्हातारा मालक मला कार्ड कसे धरावे ते शिकवी. कडांना धरायचे, चेहऱ्यावर बोट टेकवायचे नाही. त्या सर्व संग्रहात एकच कार्ड असे होते की ज्याकडे तो मालकसुद्धा थोडा वेळ पाहत राहिला. एका गोलरक्षकाचे, त्याच्या अगदी पहिल्या वर्षीचे. चेहऱ्यावर पांढरा मुखवटा, मुखवट्याच्या जाळीआड दोन डोळे. बाकीचे खेळाडू चेंडूच्या जागी असलेल्या त्या काळ्या चकतीकडे पाहत असतात. हा तुमच्याकडे पाहतो.

आता दसऱ्याची हकीकत. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याने त्याने आपले हत्यार पूजेत मांडावे अशी रीत. पत्नी आपला स्टेथोस्कोप मांडी, मी माझे शाईचे पेन, आणि गाडीची किल्ली दोघांची. त्या वर्षी तिने पाट मांडला, पेन हातात घेतले, टोपण काढून पाहिले. शाई वाळलेली होती.

"का जी, हे शेवटचं कधी चाललं?" तिने विचारले. मी हल्ली कॉम्प्युटरवर टाइप करीत असे.

"दिवसभर ज्याच्यापुढं बसता ते आणा वर. त्याचीच पूजा करू."

ती टोमणा मारीत होती हे मला समजत होते. तरी मी तळघरात गेलो आणि गोलरक्षकाला घेऊन आलो. प्लास्टिकच्या पाकिटासह पाटावर ठेवला. तिने पाकीट उचलले, कार्ड बाहेर काढले आणि मी काही म्हणायच्या आत अनामिका हळदीत बुडवून त्याच्या कपाळावर टेकवली, वर कुंकू लावले. मी ओरडलोच असेन. ती म्हणाली, "प्लास्टिकला कुंकू लावतात का कोणी?" आणि मग हसत, "आता पाहा, याला कोणी गोल मारून दाखवा."

दुकानाच्या मालकाने ते कार्ड भिंगाखाली धरले आणि खाली ठेवले. डाग आत मुरला आहे असे त्याने सांगितले. काही जण ओलसर फडक्याने, काही जण औषधाने असे डाग काढतात. बऱ्याचदा निघतो. काढू का, असे त्याने विचारले. मी नाही म्हटले. का म्हटले ते त्या वेळी मला सांगता आले नसते. रागात होतो, आणि घरी जाऊन ते तसेच अल्बममध्ये परत ठेवले, एवढेच आठवते.

भिंगातून एक गोष्ट मीही पाहिली होती. हळद ओली होती, त्यामुळे बोटावरच्या रेषा जशाच्या तशा उमटल्या होत्या, आणि त्या रेषांना मधोमध छेदणारी एक बारीक आडवी रेघ. नोकरीच्या सुरुवातीला इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना तिचे ते बोट कापले होते. तो वण.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. ड्यूटी संपवून हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये आली, गाडीत बसली, इंजिन सुरू केले, आणि तेथेच. काचांवर बर्फ पडत राहिले. आत गाडी ऊबदार होती असे मला सांगण्यात आले. हे मला का सांगितले हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मनुष्य गेल्यावर त्याचे काय काय उरते याचे अर्ज मी शेकडोंनी लिहिले. जमीन, घर, खाते. ते सर्व उरते. जे उरत नाही त्याचा अर्ज कोणी लिहून घेत नाही. तिच्या साड्या धुतल्या गेल्या. उंबऱ्यावर तिने काढलेली हळदीची बोटे पावलांनी पुसली. स्वयंपाकघरातले डबे दर वेळी उघडताना माझी बोटे तिच्या बोटांवर पडत गेली. तिचा फोन तिच्या बोटानेच उघडत असे. तो आता कोणासाठीच उघडत नाही. एका दुपारी मी तळघरात बसून ते कार्ड पाकिटातून काढले आणि गोलरक्षकाचे कपाळ फोनच्या त्या जागेवर टेकवले. असे करणाऱ्याला लोक काय म्हणतील हे मला कळते. फोन क्षणभर थरथरला आणि ओळख पटली नाही असे त्याने कळवले. पण तो थरथरला.

तेव्हापासून तळघरात मी एकटा नसे. याला भ्रम म्हणायचे असेल त्याने म्हणावे. मी जे अनुभवले तेवढेच नमूद करतो. वर स्वयंपाकघरात शिजत काही नसतानाही अल्बम उघडला की हळदीचा वास येई. हीटर चालू होताना जिन्यावर सपाता घासत कोणी उतरावे तसा आवाज होई, आणि शेवटच्या पायरीशी थांबे. मी मागे वळत नसे. गोलरक्षक माझ्याकडे पाहत असे आणि माझ्या खांद्यामागेही पाहत असे. मला भय वाटले असे मी म्हणणार नाही. मी त्या आवाजाची वाट पाहत असे.

मुलगा शॉमबर्गला असतो, कॉम्प्युटरच्या नोकरीत. माझ्या वाढदिवसाला गाडी चालवत आला. त्याच्या आधीच्या, दिवाळीच्या फेरीत त्याने माझे अल्बम चाळले होते, हे मला माहीत नव्हते. मधल्या दिवसांत शनिवारची कामे साचली होती आणि मी तळघरात उतरलो नव्हतो. जेवण झाल्यावर त्याने खिशातून जाड प्लास्टिकमध्ये बंद केलेले एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवले.

तोच गोलरक्षक. तोच मुखवटा, तेच डोळे. कपाळ पांढरे.

"बाबा, सेम कार्ड आहे. एकदम क्लीन. तुमच्यासाठी शोधलं."

मी विचारले, आधीचे कोठे आहे. त्याने सांगितले की त्याच्या गावाजवळच्या हॉटेलात कार्डवाल्यांचे प्रदर्शन भरले होते, टेबले मांडून बसतात तसले, आणि तेथे एकाला जुने कार्ड आणि वर स्वतः विकत घेतलेली आणखी काही कार्डे देऊन त्याने हे घेतले. मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून मागच्या फेरीत ते गुपचूप नेले होते. आणि मग, माझा चेहरा पाहून, जरा खालच्या आवाजात :

"त्यावर लोणच्याचा डाग होता ना, बाबा."

तो दसरा झाला तेव्हा तो पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला शिकत होता. त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझ्या तोंडून शब्द बाहेर आले ते असे : "ते तुझ्या आईचं बोट होतं."

जॅकेट न घालता बाहेर गेला आणि आपल्या गाडीत जाऊन बसला. इंजिन सुरू झाले. पांढरा धूर दिसू लागला. मी खिडकीतून पाहत होतो. बंद काचांआड गाडीत बसून राहिलेल्या माणसाची मला आता धास्ती वाटते. मी सपाता घालूनच बर्फात धावत गेलो आणि दार ओढून उघडले. तो रडत होता. मी म्हटले, आत चल, थंडी आहे. तो म्हणाला, "बाबा, मला एकदा सांगायचं ना." तो बरोबर होता, परंतु असली गोष्ट फोनवर कोणत्या वाक्यात सांगतात हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्याच्या गावाकडे, त्या हॉटेलाकडे निघालो. दिवसभराचा रस्ता, बाजूला गोठलेली शेते. प्रदर्शन उठून गेले होते. मुलाने फोन करून करून तो टेबलवाला शोधला. तो भला मनुष्य निघाला. त्याला डाग आठवत होता. डागाळलेली कार्डे घेऊन ती साफ करण्याचा नाद असलेले काही लोक असतात, त्यांतल्या कोणीतरी ते नेले. नाव विचारले नाही. यलो अँड रेड, तो म्हणाला, फनी थिंग. आपल्या दृष्टीने तो चुकीचे काहीच बोलला नाही.

येताना मुलगा गाडी चालवीत होता. मध्येच त्याने विचारले की आई कार्डाला काय म्हणाली होती. मी त्याला गोल मारण्याचे वाक्य सांगितले. तो हसला.

त्याने त्यानंतर इंग्रजीत सर्वत्र लिहिले, जेथे जेथे कार्डवाले बोलतात तेथे. आजवर उत्तर नाही. तळघरात आता हीटर चालू होतो तेव्हा फक्त हीटर चालू होतो. पांढऱ्या कपाळाचा गोलरक्षक अल्बमच्या त्याच खणात आहे. मुलाने प्रेमाने आणलेला आहे, म्हणून तो मी काढलेला नाही. तो समोर पाहतो. त्याला पाहण्यासारखे मागे कोणी नाही.

हा अर्ज मराठीत का, असे कोणी विचारील. कारण असे. ज्याच्या हातात ते कार्ड आहे त्याला त्या पिवळ्या-लाल खुणेचा अर्थ लागणार नाही. कधीतरी तो ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या कोणा देशी माणसाला ते दाखवील आणि विचारील, हे काय असावे. तो देशी मनुष्य तुम्ही असाल. नोव्हायला असाल, शॉमबर्गला असाल, कोठेही असाल. हातातली कॉफी खाली न ठेवता एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होणे त्या क्षणी अगदी सोपे असेल.

तरी आपणास नम्र विनंती की त्या वेळी तो डाग आहे असे म्हणू नये. ते फडक्याने अगर औषधाने पुसू देऊ नये. ज्याचे कार्ड आहे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे की हे एका स्त्रीचे बोट आहे. बदल्यात माझ्या संग्रहातील कोणतेही कार्ड, अगर सर्व कार्डे, देण्यास मी तयार आहे. द्यायचे नसल्यास त्याच्याकडेच राहो, त्यालाही माझी हरकत नाही.

आणि ते यापूर्वीच पुसले गेले असल्यास, तेही कळवावे. कचेरीसमोर बसलो असता मी असे पाहिले आहे की ज्याचा अर्ज नामंजूर झाला तो रडून का होईना घरी गेला. ज्याला उत्तरच आले नाही तो रोज येत राहिला, आणि त्याचे येणे कोणीही थांबवू शकले नाही. माझे तसे होऊ नये. खूण आहे किंवा नाही, एवढेच एका ओळीत, हा अर्ज ज्यात आला आहे ते पुस्तक छापणाऱ्यांच्या पत्त्यावर लिहून पाठवावे.

उत्तराची प्रतीक्षा करीत आहे. कळावे.

अर्जदार