चोपडा ते धुळे: एका कप चहाचे सगळे काळ

मला धुळ्याला कोणी बोलावलं नव्हतं, अर्ज मीच केला होता. सत्तरच्या दशकाची सुरुवात. तिथल्या एका कापसाच्या पेढीला मुंबईशी फोनवर इंग्रजी बोलणारी मुलगी हवी होती. नोकरी लागली तर लग्नाचं दोन वर्षं बघणार नाही, असं आबांनी कबूल केलं होतं. आबा म्हणजे माझे वडील, चोपड्यात इंग्रजीचे मास्तर. वाक्य द्यायचं, काळ बदलायचा, पुन्हा बदलायचा. अशा तीन वह्या त्यांनी माझ्याकडून भरून घेतल्या होत्या. त्या पिशवीत घालूनच निघाले.

जाणार असाल तर सकाळची एसटी पकडा आणि अमळनेरला गाडी बदला. डावीकडे बसू नका, ऊन तोंडावर येतं. तेव्हाच्या रस्त्याने हाडं खिळखिळी केली. अमळनेरच्या स्टँडवरची भजी मात्र झकास, नाकातून पाणी काढणारी.

शेजारच्या सीटवरच्या अक्कांनी विचारलं, "कोठे चालनी वं, पोरी?"

"धुळ्याला. नोकरीसाठी."

"एकलीच? भारीच शे तू!"

मी धुळ्यापर्यंत ताठ बसून होते.

पेढीवरचे शेठजी साधे होते. मुंबईहून आलेला मॅनेजर टाय लावून बसला होता. चहा आला. तो म्हणाला, "हॅव यू हॅड युवर टी?"

मी उभी राहिले आणि धडाधड म्हणून टाकलं, "यू हॅड हॅड युवर टी. यू विल हॅव हॅड युवर टी."

तो फक्त चहा घेतला का, एवढंच विचारत होता. 'अजून नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण इंग्रजी वाक्य कानावर पडलं की त्याचा काळ बदलायचा, एवढंच मला ठाऊक! मॅनेजर टेबलावर थापा मारत हसला. कारकुनांना बोलावून मला पुन्हा म्हणायला लावलं, आणि मी मूर्खासारखं म्हटलंही. शेठजी खालमानेने म्हणाले, "बेटी, चाय तो पी ले." मी कपाला हात लावला नाही.

परतताना रडले नाही, दातओठ खात आले. आबा ओट्यावर वाट बघत होते. वह्या त्यांच्यापुढे आपटल्या.

"इतकी वर्षं शिकवताय! एकदा तरी माझ्याशी इंग्रजीत बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

आबा घरातही शाळेतलीच मराठी बोलायचे. त्या दिवशी मात्र हळूच अहिराणीत म्हणाले, "पोरी, माले आजलोंग कोन्हीच इंग्रजीमा काही इचारं नही."

वैशाखात माझं लग्न लागलं. त्या मॅनेजरला मी अजून माफ केलेलं नाही. पण आबांवर चिडायची सोय त्यांच्या त्या एका वाक्याने कायमची काढून घेतली, आणि त्याचा राग सगळ्यांत जास्त येतो.